परसातल्या घरट्यावर भारद्वाज टपून आहे : हाकलावा की नाही?

कृष्णाकाठ (वाई), २२ एप्रिल

नमस्कार. आमच्या घरामागे दोन-अडीच गुंठ्यांचा परस आहे. एक जुना रायवळ आंबा, शेवगा, कडीपत्ता, दोन जास्वंदी, विहिरीजवळ केळी आणि कुंपणावर पसरलेली मधुमालती एवढीच लागवड असून उरलेली जागा आम्ही मुद्दाम मोकळी आणि थोडी अस्ताव्यस्त ठेवली आहे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी ऊन तापण्याआधी आणि संध्याकाळी उन्हे कलल्यावर मागच्या पडवीत बसून जे दिसेल ते वहीत टिपून ठेवण्याचा माझा परिपाठ आहे.

यंदा लालबुड्या बुलबुलाच्या जोडीने मधुमालतीत छातीएवढ्या उंचीवर घरटे केले आहे आणि ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून सहज दिसते. काड्या, बारीक मुळ्या आणि कोळिष्टके यांची वाटी, तिच्या कडेत विणलेली कोठून तरी आणलेली प्लास्टिकची पांढरी पट्टी आणि आत गुलाबीसर कवचावर विटकरी शिंतोडे असलेली तीन अंडी. अडचण अशी की गेल्या आठवड्यापासून एक भारद्वाज या वेलाभोवती घिरट्या घालतो आहे. तो उडत येत नाही. कुंपणाच्या बुडाशी पाचोळ्यातून चालत येतो, थांबतो, मान वाकडी करून वर पाहतो आणि मग वेलाच्या जाळीत शिरून एकेक फांदी चढू लागतो. बुलबुल आरडाओरडा करतात, दयाळ आणि खारी त्यात सामील होतात, आणि आमच्यापैकी कोणी बाहेर आले की तो सावकाश उतरून निघून जातो. पण काही वेळाने पुन्हा येतो.

त्याला हाकलावे का, हा माझा प्रश्न आहे. आईच्या मते भारद्वाजाचे दर्शन शुभ असते, तेव्हा दारात आलेल्या भारद्वाजाला हाकलण्याचा विचारही करू नये. पत्नीने खिडकीपाशी काठी आणून ठेवली आहे. जाणकारांनी आपले अनुभव सांगावेत.

सदाफुली, २२ एप्रिल

शुभशकुन आणि काठी एकाच खिडकीत नांदत आहेत, हे वाचून आनंद झाला. मी काठीच्या पक्षात आहे.

बहावा (नागपूर), २२ एप्रिल

काठी बाजूला ठेवावी, असे मी सुचवेन. भारद्वाज हा टोळ, सुरवंट, गोगलगायी, सरडे, उंदरांची पिल्ले आणि संधी मिळाल्यास इतर पक्ष्यांची अंडी व पिल्लेही खाणारा पक्षी आहे. आपल्या परसात पाचोळा आणि दाट वेल आहे म्हणून तो येतो, आणि नेमक्या त्याच कारणासाठी बुलबुलही आले आहेत. उघड्या वाटीसारखी घरटी मोडण्याचे प्रमाण मुळातच मोठे असते. एका हंगामात बुलबुल पुन्हा घरटे बांधतात, ते त्यामुळेही.

आपल्याला मदत करायचीच असेल तर पाण्याची करावी. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा दुपारी बुलबुल, साळुंक्या आणि चिमण्या कूलरखाली गळणाऱ्या पाण्यावर अक्षरशः रांग लावतात. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडी टाकून आणि गळ्याची कातडी थरथरवून ते अंगातली उष्णता बाहेर टाकतात, आणि त्यात शरीरातले पाणी खर्च होते. मी जुन्या माठाच्या बुडाला खिळ्याने बारीक छिद्र पाडून त्यात सुती वात बसवली आहे. तो माठ कडुनिंबाच्या फांदीला टांगून खाली मातीचा पसरट परळ ठेवला आहे. साचलेल्या पाण्याकडे दुर्लक्ष करणारे पक्षी थेंबांच्या आवाजाने खाली उतरतात, हे मी दर उन्हाळ्यात पाहतो. नाचण तर पिण्यापेक्षा त्या थेंबाखाली भिजण्यासाठीच येतो.

गच्चीवाला (ठाणे), २३ एप्रिल

बहावा यांच्याशी मी सहमत नाही. ‘निसर्गात ढवळाढवळ नको’ हे ऐकायला बरे वाटते, परंतु मधुमालती कोणी लावली?  विहीर कोणी खणली, कुंपण कोणी घातले, कूलर कोणी लावला? परस ही माणसाने घडवलेली जागा आहे, आणि तेथे पाण्याचा परळ ठेवणे ही जर मदत असेल तर काठी आपटणे ही ढवळाढवळ कशी काय होते? ज्या जोडीने आपल्या खिडकीवर विश्वास टाकला तिच्या बाजूने उभे राहण्यात मला काहीही गैर दिसत नाही. भारद्वाजाला खाण्यासाठी अख्खी वाई पडली आहे.

तिरकस, २३ एप्रिल

बुलबुलांनाही घरटे बांधण्यासाठी अख्खी वाई पडलीच होती की.

माडाखालची (कुडाळ), २३ एप्रिल

हाकलावे की नाही, यावर माझे मत ठाम नाही. परंतु परस अस्ताव्यस्त ठेवण्याबद्दल कृष्णाकाठ यांचे कौतुक करावेसे वाटते. आमच्याकडे न्हाणीचे सांडपाणी पाटाने केळींना आणि पुढे अळवाला जाते. तो एवढासा ओला तुकडा एप्रिल-मे महिन्यांत सर्वांत गजबजलेला असतो. नारिंगी डोक्याचा कस्तुर केळीच्या वाळलेल्या पानांखाली शिरून एकेक पान चोचीने उलटून टाकतो आणि त्याखालचे किडे-गांडुळे उचलतो. आपण दिसत नसलो तरी त्या पानांच्या खसखसाटावरून तो आल्याचे कळते. दयाळाची जोडीही तेथेच असते. नर पहाटे माडाच्या शेंड्यावर बसून गातो आणि उजाडले की खाली येऊन मुकाट्याने कामाला लागतो.

दुसरी गोष्ट कोळिष्टकांची. पडवीतल्या दिव्याच्या वायरीवर दरवर्षी जांभळ्या शिंजिराची मादी लोंबते घरटे करते. नर आसपास गातो, परंतु विणकाम सर्व तिचे. वाशाला लागलेल्या कोळिष्टकापुढे ती क्षणभर पंख फडफडवत तरंगते, चोचीच्या टोकाने धागा ओढते, तो बाकदार चोचीभोवती गुंडाळला जातो, आणि घरट्यावर परतल्यावर डोके दोन्ही बाजूंना घासून ती तो धागा तेथे चिकटवते. वर सालीचे कपटे, सुकी पाने आणि सुरवंटांची विष्ठासुद्धा लावते, त्यामुळे ते घरटे म्हणजे वाऱ्याने अडकलेला कचरा आहे असेच कोणालाही वाटावे. दाराच्या वर बारीकशी पडवीही काढते. सासूबाईंनी केरसुणी उचलली की मी त्यांना शिंजीर दाखवते. यामुळे घरातली जाळी काढण्याचे काम वैशाखात बंद असते, हा माझा वैयक्तिक फायदा.

सदाफुली, २३ एप्रिल

माडाखालची, हे कारण मी आजपासून आमच्या घरी वापरणार आहे. आमच्याकडे शिंजीर नाहीत, पण तेवढ्याने काही अडत नाही.

रानवाट (पुणे), २४ एप्रिल

कृष्णाकाठ, आपल्या प्रश्नाकडे मी जरा वेगळ्या बाजूने पाहतो. जो धोका आपण आणला तो आपण दूर करावा, आणि जो आपल्या पायांनी चालत आला त्याच्या आड येऊ नये, अशी माझी कसोटी आहे. पाळीव मांजर, खिडकीची उघडी काच, झाडात अडकलेला मांजा, फवारलेले कीटकनाशक आणि निष्काळजीपणे बांधलेली जाळी हे सर्व आपण आणलेले धोके आहेत. भारद्वाज, शिक्रा, धामण आणि मुंगूस हे तसे नाहीत. घरट्याखाली मांजर बसलेले दिसले तर मी खुशाल आपल्या पत्नीच्या बाजूने काठी उचलेन.

हाकलण्याचा एक प्रत्यक्ष तोटाही आहे. प्रत्येक वेळी कोणीतरी बाहेर धावले की भारद्वाजाबरोबर अंड्यांवर बसलेली बुलबुलही उठते. एप्रिलच्या उन्हात अंड्यांना ऊब कमी पडत नाही. उलट थेट ऊन लागले तर आतला जीव मरतो. दुपारी ती घरट्याच्या काठावर पंख पसरून उभी असते ती सावली धरण्यासाठी. शिवाय आपण कोणत्या जागी पुन्हा पुन्हा जातो, याकडे कावळ्याचे बारीक लक्ष असते.

घरटे ‘सुरक्षित जागी’ हलवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. एक तर जोडी ते सोडून देण्याची शक्यता मोठी असते, आणि दुसरे म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी उचलणे किंवा त्यांना इजा करणे हे शिकारीच्या व्याख्येतच मोडते.

तिरकस, २४ एप्रिल

रानवाट यांची कसोटी मला आवडली, फक्त ती कावळ्यापाशी अडते. कावळा आपल्या पायांनी आला असे म्हणता येईल काय? आपल्या उकिरड्यांवर, खाटीकखान्यांवर आणि हॉटेलांच्या मागच्या पिंपांवर त्याची संख्या पोसली गेली आहे. घरट्यांची लूट करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. मग कावळा आपण आणलेल्या धोक्यांत धरायचा की स्वयंभू?

रानवाट (पुणे), २४ एप्रिल

मुद्दा रास्त आहे. कावळ्यांची वाढलेली संख्या ही आपली करणी आहे, हे खरे. पण तिच्यावरचा उपाय कचऱ्याच्या पिंपापाशी करावा लागतो, मधुमालतीपाशी नव्हे. एक कावळा हाकलला तर दुसरा येतो, कारण पिंप तेथेच असते.

घड्याळी तास (सांगली), २४ एप्रिल

कावळ्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्या शाळेच्या आवारातले सांगतो. परसाहून मोठे आहे, पण झाडे तीच. चिंचेवर कावळ्यांची घरटी होतात आणि एप्रिलपासून कोकिळांची जोडी त्या चिंचेला सोडत नाही. काळाभोर नर उघड्यावर येऊन कावळ्यांना दिसेल असा ओरडतो, कावळे त्याचा पाठलाग करत दूर जातात, आणि ठिपक्या-ठिपक्यांची तपकिरी मादी पानांतून अलगद सरकत घरट्याकडे जाते. दरवेळी असेच घडते असे नाही; कित्येकदा कावळे तिलाही पळवून लावतात. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्याच्या काही दिवस आधी फुटते, त्यामुळे तिच्या पिलाला भरवून घेण्यात आघाडी मिळते. युरोपातल्या कोकिळेचे पिल्लू यजमानाची अंडी पाठीने ढकलून देते, तसे आपल्या कोकिळेचे पिल्लू सहसा करत नाही, आणि कावळ्याची व कोकिळेची पिल्ले एकाच घरट्यात वाढलेलीही दिसतात.

आता सांगावे : बुलबुलांची बाजू घेऊन कावळ्याला हाकलणारा माणूस कोकिळेच्या पिलाचाही घास काढून घेतो की नाही?

गच्चीवाला (ठाणे), २४ एप्रिल

गुरुजी, एवढा विचार केला तर माणसाने परसात पाऊलच टाकू नये. माझे म्हणणे एवढेच आहे की डोळ्यांसमोर घरटे लुटले जात असताना वहीत नोंद करत बसणे मला जमणार नाही.

घड्याळी तास (सांगली), २४ एप्रिल

ते आमच्या विद्यार्थ्यांनाही जमत नाही. मुली चपला घेऊन धावतात. मी त्यांना अडवलेले नाही.

हिरवा चाफा (नाशिक), २५ एप्रिल

थोडा वेगळा प्रश्न विचारते. माझ्या परसात पक्ष्यांपेक्षा सुरवंट अधिक आहेत. कुंडीतल्या कडीपत्त्याचा आणि लिंबाचा दरवर्षी खराटा होतो. फवारणी केली तर पक्ष्यांना अपाय होतो असे येथे वाचले, आणि न केली तर फोडणीला पान उरत नाही. काय करावे?

माडाखालची (कुडाळ), २५ एप्रिल

चाफाताई, कडीपत्ता दोन ठिकाणी लावावा. एक फोडणीचा आणि एक त्यांचा. फोडणीच्या झाडावर दिसलेले सुरवंट पानासकट उचलून दुसऱ्यावर ठेवायचे. लहानपणी ते पक्ष्याच्या शिटेसारखे काळे-पांढरे दिसतात, त्यामुळे पक्षी त्यांच्याकडे वळत नाहीत. पुढे हिरवे होतात. बोटाने डिवचले तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगे बाहेर काढतात आणि आंबूस वास सोडतात. हीच पुढे लिंबावरची फुलपाखरे होतात. लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या झाडांवर राणी पाकोळीही अंडी घालते, आणि तिला २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून मान मिळालेला आहे. राजमान्य पाहुण्यावर औषध मारणे बरे दिसत नाही.

रानवाट (पुणे), २५ एप्रिल

माडाखालची यांच्या उत्तराला एवढीच जोड देतो की फळे, मध किंवा दाणे खाणारे पुष्कळ पक्षीसुद्धा पिलांना किडेच भरवतात, कारण वाढत्या अंगाला प्रथिने लागतात. शिंपी पक्ष्याची जोडी दिवसभर पानांच्या खालच्या बाजू तपासत असते, ते उगाच नव्हे. परसातल्या अळ्या संपवल्या तर वर टांगलेली कृत्रिम घरटी आणि दाण्याची भांडी केवळ शोभेची उरतात. कडीपत्त्याला फळे धरू द्यावीत; काळी झाली की बुलबुल आणि कोकिळा त्यांवर तुटून पडतात.

पोलादी पडदा, २५ एप्रिल

दाण्याच्या भांड्यांचा उल्लेख झाला म्हणून विचारतो : उन्हाळ्यात दाणे ठेवावेत की नाही? आमच्या सोसायटीत यावरून दोन तट पडले आहेत.

गच्चीवाला (ठाणे), २५ एप्रिल

या विषयावर मात्र मी अधिकाराने बोलू शकतो. गच्चीत बाजरी आणि तांदळाची कणी ठेवू लागलो, तेव्हा चिमण्या आल्या. त्यांच्यामागून पारवे आले, आणि मग फक्त पारवेच उरले. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेल्याने फुप्फुसांना सूज येणारा विकार होतो, हे वैद्यकीय सत्य आहे, आणि २०२५ साली मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, ते सर्वांना आठवत असेल. आता माझ्या गच्चीत दाणा नाही. पाण्याचे दोन परळ आणि कुंड्यांमध्ये जास्वंद, अबोली व तुळस आहे. पारवे पाणी पिऊन निघून जातात. तुळशीच्या मंजिऱ्या सुकल्या की त्यांवर ठिपक्यांच्या मुनिया लोंबकळतात, तो दाणा मला पुरेसा वाटतो.

न्यूजर्सीकर, २६ एप्रिल

येथे उन्हाळा जूनमध्ये सुरू होतो, परंतु धागा वाचून राहवले नाही. आमच्या मागच्या अंगणात माणिककंठी हमिंगबर्ड येतो. त्याच्यासाठी एक भाग साखर आणि चार भाग पाणी असे मिश्रण लाल भांड्यात टांगतात. त्यात रंग घालू नये आणि उन्हाळ्यात ते दोन-तीन दिवसांनी बदलावे, नाहीतर आंबते. आई येथे आली होती, तेव्हा तिने त्याला पाहताक्षणी ‘अगं, हा तर आपला शिंजीर’ असे म्हटले. नात्याने दोघांचा काही संबंध नाही. फुलातला मध पिण्याच्या एकाच कामामुळे दोघांच्या चोची लांब झाल्या आहेत.

मूळ प्रश्नाबद्दल : आमच्या दारावरच्या फुलांच्या कड्यात अमेरिकन रॉबिनने निळी अंडी घातली होती. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी संरक्षण कायद्यामुळे अंडी असलेले घरटे काढता येत नाही, म्हणून आम्ही पुढचे दार सोडून गॅरेजमधून ये-जा करत होतो. पाहुण्यांना कारण सांगितले की त्यांचे हसू आवरत नसे.

बहावा (नागपूर), २६ एप्रिल

साखरपाण्याची पद्धत आपल्याकडे आणू नये, असे वाटते. आपल्याकडे शिंजिरांना जास्वंद, अडुळसा, पांगारा आणि शेवग्याची फुले आहेत. एप्रिलच्या उन्हात साखरपाणी एका दिवसात आंबेल, आणि शिंजिराआधी मुंग्या येतील.

पाण्याचेच पुढे सांगतो, कारण दोन जणांनी निरोप पाठवून विचारले आहे. परळ दोन-तीन बोटांहून खोल नसावा. खोल असेल तर मधोमध खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे लहान पक्ष्यांना, खारींना आणि मधमाश्यांना टेकायला जागा होते. भांडे सावलीत ठेवावे, परंतु झुडपाला लागून नव्हे, कारण मांजर तेथेच दबा धरते. चार-पाच हात मोकळी जागा आणि जवळ एखादी उंच फांदी असावी. पाणी रोज बदलावे आणि भांडे काथ्याने घासावे. डासांची अंडी ते उडता डास हा प्रवास आठवडा-दहा दिवसांत होतो, त्यामुळे रोज ओतून टाकलेल्या पाण्यात डास होण्याचा प्रश्नच येत नाही. कावळे वाळकी पोळी आणि हाडे आणून भिजत घालतात, त्याला इलाज नाही. सातेरी आणि फुलोरी मधमाश्या आल्या तर घाबरू नये. पाणी पोळ्यात नेऊन, पंखांनी वारा घालून त्या ते थंड ठेवत असतात.

अनोळखी वाट (फोंडा), २८ एप्रिल

पक्ष्यांच्या गर्दीत सरड्याची कोणी दखल घेत नाही, म्हणून लिहितो. या दिवसांत बागेतल्या नराचे डोके आणि गळा लालभडक होतो. कुंपणाच्या खांबावर बसून तो पुढच्या पायांवर अंग खाली-वर करतो, ते दुसऱ्या नराला बजावण्यासाठी आणि मादीला दिसावे म्हणून. तो लांबूनच माणसाचे रक्त शोषतो, या समजापायी मुले त्याला दगड मारतात. पहिल्या सरींनंतर मादी ओलसर मातीत खड्डा करून अंडी घालते आणि डोक्याने माती दाबून तो बुजवते. कृष्णाकाठ यांच्या वेलात सरडे असतील तर भारद्वाज त्यांच्यासाठीही येत असेल, ही शक्यता तपासावी.

कृष्णाकाठ (वाई), ६ मे

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण घडामोडी चालू होत्या.

रानवाट यांचे अंडी तापण्याबद्दलचे म्हणणे वाचल्यावर पत्नीने काठी आत नेली. आम्ही खिडकीला जुने पातळ लावून त्याच्या फटीतून पाहू लागलो, म्हणजे आमच्या हालचालीने बुलबुल उठत नाहीत. अनोळखी वाट यांचा अंदाज बराचसा खरा निघाला. भारद्वाजाने माझ्यादेखत वेलातून एक सरडा ओढला, विहिरीच्या काठावर आपटून मारला आणि तोंडात धरून पलीकडच्या उसाकडे नेला. घरट्यापासून तो तेव्हा दोन हातांवर होता. त्याने घरट्याकडे पाहिले नाही की ते त्याला दिसले नाही, हे सांगणे अवघड आहे.

तिन्ही अंडी फुटली. परवा दुपारी मात्र टकाचोर (कावळ्याच्याच कुळातला लांब शेपटीचा पक्षी) आंब्यावरून थेट खाली उतरला आणि एक पिल्लू उचलून गेला. आम्ही सर्व जण खाली पाचोळ्याकडे पाहत होतो, आणि तो वरून आला. पूर्ण प्रकार काही क्षणांचा. आई म्हणाली की भारद्वाजावर आळ घेतला होता, आता त्याला गूळ-पाणी दाखवा. उरलेल्या दोन पिलांना भरवणे चालू आहे. आज सकाळी नराने आणलेला टोळ इतका मोठा होता की पिल्लाच्या चोचीत तो मावेना, तेव्हा त्याने तो परत काढून फांदीवर आपटला, पंख आणि पाय गळून पडल्यावर पुन्हा दिला.

गच्चीवाला (ठाणे), ६ मे

टकाचोराला तरी हाकलले असते की नाही?

कृष्णाकाठ (वाई), ६ मे

हाकलण्याइतका वेळ मिळाला असता तर पत्नीने नक्की हाकलले असते. मी काय केले असते, ते मला ठरवता आलेले नाही.

तिरकस, ७ मे

म्हणजे धाग्याचा निकाल : भारद्वाज निर्दोष, टकाचोर फरार, सरडा हकनाक बळी.

अनोळखी वाट (फोंडा), ७ मे

सरड्याच्या बाजूने कोणीच काठी उचलली नाही, याची नोंद घ्यावी.

हिरवा चाफा (नाशिक), १९ मे

जाणकारांनी तातडीने सांगावे. आमच्या परसात पंपाच्या शेडजवळ दयाळाचे पिल्लू जमिनीवर बसले आहे. अंगावर पिसे आहेत, छातीवर तपकिरी ठिपके आहेत, शेपटी मात्र आखूड आहे. उडता येत नाही, नुसते टुणटुण उडी मारते. मुलाने खोक्यात कापूस घालून ठेवला आहे. आत घ्यावे का?

रानवाट (पुणे), १९ मे

आत घेऊ नये. पिसे आलेले आणि उड्या मारणारे पिल्लू घरट्यातून पडलेले नसते. ते बाहेर पडलेले असते. नीट उडता येण्यापूर्वी काही दिवस ते जमिनीवर आणि झुडपांत काढते, आणि आईबाप तेथे येऊन त्याला भरवतात. माणसाचा हात लागला तर आईबाप टाकून देतात, हा समज खोटा आहे, तेव्हा पिल्लू रस्त्यावर किंवा उन्हात असेल तर उचलून जवळच्या झुडपाच्या सावलीत ठेवण्यास हरकत नाही. पाणी चोचीत ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. दूर बसून अर्धा-पाऊण तास पाहावे. अंगावर पिसे नसलेले किंवा जखमी पिल्लू असेल तरच वनविभागाला किंवा जवळच्या उपचार केंद्राला कळवावे. मांजर असेल तर तिला आत कोंडावे. येथे माझी कसोटी आणि गच्चीवाला यांची काठी एका बाजूला आहेत.

गच्चीवाला (ठाणे), १९ मे

अखेर.

हिरवा चाफा (नाशिक), १९ मे

आभारी आहे. पिल्लू कढीलिंबाच्या कुंडीमागे ठेवले आणि आम्ही आत आलो. थोड्याच वेळात मादी आली. तिच्या चोचीत हिरवी अळी होती, आणि ती आमच्याच लिंबावरची असावी असा मला दाट संशय आहे. मांजर शेजाऱ्यांचे आहे. त्यांना विनंती केली, तर त्यांनी आठवडाभर ते घरातच ठेवण्याचे कबूल केले आहे. मुलाचे खोके रिकामे राहिल्यामुळे तो रुसला आहे.